आदोबो: शिरका कुठला, किती आणि कधी?

पाटावरवंटा

आदोबो, म्हणजे शिरका-लसणीत शिजवलेलं मांस, हा फिलिपिन्समध्ये घराण्याचा पदार्थ. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे जातो आणि बहुतेक घरांत कुठेच लिहिलेला नसतो. प्रमाण विचारलं की उत्तर येतं, 'तान्त्या', म्हणजे आपला अंदाज. हा अंदाज मुख्यतः शिरक्याचा असतो. लसूण थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते, शिरका चुकला की पातेलं गेलं. म्हणून कृती देताना शिरक्याभोवतीच देतो.

साहित्य (मांस १ किलो, ५-६ माणसांसाठी):

डुकराच्या पोटाकडचं मांस, कातडीसकट, ५०० ग्रॅम. तिकडे याला लियेम्पो म्हणतात. तुकडे ४ सेंटीमीटरचे. लहान केले तर शेवटी परतताना त्यांचा भुगा होतो.
कोंबडीच्या तंगड्या आणि मांड्या, हाडासकट, ५०० ग्रॅम. आपल्याकडे दुकानदार कातडी काढूनच देतो, ती ठेवायला आधीच सांगा. कातडी नसेल तर रसाला बांधणी येत नाही.
शिरका १२० मिली (आम्लता ४ ते ५ टक्के)
पातळ सोया सॉस ८० मिली. यातला ५० सुरुवातीला, ३० राखून.
लसूण एक मोठा गड्डा, गावरान असेल तर दोन. ठेचून घ्या, वाटू नका.
अख्खे काळे मिरे दीड लहान चमचा, निम्मे जाडसर कुटून
लाउरेलची ३ पानं
पाणी ३०० मिली

मांस ५० मिली सोया, लसूण आणि मिऱ्यांत तासभर मुरवा. डुकराचं मांस मुरवणासकट पातेल्यात घ्या, शिरका, पाणी आणि पानं घाला, मोठ्या आचेवर उकळी आणा. झाकण नको. दहा मिनिटं खळखळ उकळलं की नाकाला झोंबणारा वास उतरतो. मग आच मंद करून झाकण ठेवा. ३५ मिनिटांनी कोंबडी घाला, आणखी २५ मिनिटं.

आता मांस बाहेर काढा आणि रस मोठ्या आचेवर आटवा. साधारण १५० मिली, म्हणजे वाटीभर राहिला पाहिजे. वर आलेली चरबी डावाने कढईत काढून घ्या आणि त्यातच तुकडे ५-६ मिनिटं परता, कडा तांबूस होईपर्यंत. रस परत ओता आणि चव घ्या. राखलेला सोया लागेल तेवढाच घाला. बरेचदा १५ मिलीत भागतं.

झालेल्या आदोबोचा रस अंगाबरोबर असतो आणि कडेने तेल सुटलेलं असतं. याला तिकडे 'नाग्मामान्तिका' म्हणतात. आपण मटणाच्या रश्श्यावर तवंग बघतो तशीच ही खूण. वाढायचा साध्या पांढऱ्या भातावर.

---

केळफूल

कृती नेमकी आहे, धन्यवाद. दोन शंका. आपल्याकडचा बाटलीतला पांढरा शिरका चालेल का? आणि लाउरेल म्हणजे तमालपत्रच ना?

---

माडबन

@केळफूल, दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी. नाही. लाउरेल हे भूमध्य समुद्राकडचं पान. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जवळच्या नात्यातल्या झाडाचं. ओळख सोपी आहे: तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन लांब शिरा जातात, लाउरेलला मधोमध एकच शीर आणि तिला बाजूच्या फांद्या. तमालपत्राने आदोबोला बिर्याणीचा वास येतो. लाउरेल 'बे लीफ' म्हणून मिळतं, पण त्याच नावाने तमालपत्रही विकतात, तेव्हा शिरा बघूनच घ्या. नाही मिळालं तर पान वगळा, तमालपत्र घालू नका.

आता शिरका. लेबलवर 'सिंथेटिक' लिहिलेला स्वस्त शिरका म्हणजे पाण्यात मिसळलेलं अ‍ॅसेटिक आम्ल. त्यात आंबटपणा आहे, बाकी काही नाही. आदोबोत मसाला जवळजवळ नसतो, त्यामुळे शिरक्याचा कोरडेपणा झाकायला काही उरत नाही.

फिलिपिन्समध्ये शिरका प्रांताप्रमाणे बदलतो. इलोकोसकडे उसाच्या रसापासूनचा गडद 'सुकांग इलोको'. बुलाकान प्रांतातलं पाओम्बोंग निपा ताडाच्या रसापासूनच्या शिरक्यासाठी नावाजलेलं, तो मऊ आणि किंचित खारट. विसायस बेटांवर माडाच्या 'तुबा'पासूनचा. तुबा म्हणजे आपली माडी, गोव्याची सूर. माडावर चढून पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, रस काढायची पद्धतही तीच. तिथला मानांगेते आणि गोव्याचा रेंदेर एकच काम करतात.

म्हणून आपल्या भागात आदोबोसाठी सगळ्यांत जवळचा शिरका म्हणजे गोव्याचा माडाचा शिरका. विंदालू आणि सोरपोतेल या तिथल्या डुकराच्या मांसाच्या पदार्थांत पडतो तोच. तो थोडा गढूळ असतो आणि तळाशी साका बसतो. ते चांगलंच लक्षण, बाटली न हलवता वरचा ओता. घरगुती असेल तर आम्लता बाटलीगणिक बदलते, तेव्हा आधी १०० मिली घाला आणि उकळीनंतर चव घेऊन वाढवा. तोही नसेल तर उसाचा शिरका घ्या. सफरचंदाचा चालतो, फक्त फळाचा गोडसर वास राहतो. बाल्सामिक बिल्कुल नको.

जाता जाता: शिरक्याला तागालोग या तिथल्या भाषेत 'सुका' म्हणतात. हा शब्द मलय 'चुका'वरून, आणि तो संस्कृत 'चुक्र'वरून. आपल्या भाजीतला आंबट चुका त्याच घरातला.

---

गोडाघाट

>> झाकण नको

याचं कारण काय? आणि जुन्या कृतींत 'शिरका घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही' असंही असतं. शिरका 'कच्चा' राहतो म्हणे.

---

पाटावरवंटा

@गोडाघाट, या नियमाचे दोन भाग वेगळे करू.

झाकणाचा भाग खरा. शिरक्यात आम्लाबरोबर चटकन उडणारे वासही असतात. उघड्या भांड्यात ते पहिल्या काही मिनिटांत निघून जातात. झाकण असेल तर वाफ परत खाली पडते आणि तो उग्रपणा पातेल्यातच फिरत राहतो.

पण यातून 'शिरका उकळून जातो' असा समज होतो, तो चुकीचा. अ‍ॅसेटिक आम्लाचा उत्कलनबिंदू ११८ अंश, पाण्याचा १००. रस आटताना पाणी जास्त जातं आणि आम्ल मागे राहतं. म्हणजे आटवल्यावर रस उलट जास्त आंबट होतो. आपल्याला तो मऊ लागतो, कारण तोवर कातडी आणि सांध्यांतला चिकटपणा रसात उतरलेला असतो, चरबी सुटलेली असते आणि मीठही वाढलेलं असतं. म्हणून 'जास्त पडला तर उकळून घालवू' हा बेत कधीच जमत नाही. जास्त पडलाच तर पाणी आणि मांस वाढवा, किंवा एक चमचा साखर घाला.

ढवळण्याचा भाग मला वेगळ्या कारणाने पटतो. ढवळल्याने रसायनात काही बिघडत नाही. पण जो ढवळतो तो चव घेतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत चव घेतली की शिरका इतका बोचतो की हात साखरेकडे किंवा पाण्याकडे जातो. तिथेच प्रमाण बिघडतं. आजीने सांगितलेलं 'हात लावू नकोस' या अर्थाने अगदी योग्य.

---

कल्हई

भांड्याबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरांत खरा धोका तिथेच आहे.

पितळ किंवा तांब्याच्या पातेल्याची कल्हई उडाली असेल तर त्यात शिरका मुळीच उकळू नये. तांबं रसात उतरतं आणि ते विषारी असतं. साध्या अॅल्युमिनियममध्ये रसाला धातूची चव येते, भांडंही आतून खरवडल्यासारखं होतं. लोखंडी कढईत तासभर शिजवलं तर रस काळपट आणि तुरट. लोखंडी कढई फक्त शेवटच्या परतण्याला घ्या, तेही रस ओतायच्या आधी.

स्टील (जाड बुडाचं), एनॅमल आणि माती, ही तीन चालतात. फिलिपिन्सचं परंपरागत भांडं म्हणजे 'पालायोक', गोल बुडाचं मातीचं मडकं, आपल्या मडक्याचंच भावंडं. मातीचं घेतलंत तर ते आदोबोपुरतंच ठेवा. शिरका आणि लसणीचा वास मुरतो आणि त्यात दूध-भात नासल्यासारखा लागतो.

---

केळफूल

प्रेशर कुकर?

---

कल्हई

चालतो, पण कुकर म्हणजे घट्ट झाकण, त्यामुळे वरचाच मुद्दा लागू होतो. आधी दहा मिनिटं उघडं उकळा, मग झाकण लावा. पाणी ३००ऐवजी १५० मिली, कारण कुकरमध्ये काही आटत नाही. डुकराच्या मांसाला शिट्टीनंतर मंद आचेवर १५ मिनिटं पुरतात. कोंबडी मात्र कुकर उघडल्यावरच घाला आणि उघड्यावर शिजवा, नाहीतर मांस हाडावरून गळून पडतं आणि परतायला तुकडाच राहत नाही.

---

रानतुळस

दोन बिघाड नेहमी होतात, त्यांची कारणं हवी होती. (१) रस खारट होतो. (२) सोया न घालता केलेल्या पांढऱ्या आदोबोत लसूण निळी-हिरवी पडते. टाकून द्यायची का?

---

माडबन

(२) टाकू नका, काही अपाय नाही. ठेचलेल्या लसणीतली गंधकाची संयुगं आम्लात असा रंग धरतात. थंडीत किंवा फ्रिजमध्ये राहिलेल्या लसणीत हे जास्त होतं. टाळायचं असेल तर लसूण आधी थोड्या तेलात मंद परतून घ्या आणि मगच शिरका घाला. परतताना करपू मात्र देऊ नका. करपलेल्या लसणीचा कडवटपणा तासभर उकळूनही जात नाही.

(१) हा सोयाचा हिशोब आहे. पातळ सोयाच्या १५ मिलीत साधारण अडीच ग्रॅम मीठ. ८० मिलीत १३ ग्रॅमच्या आसपास. एक किलो मांसाला एवढं ठीक, पण सगळं एकदम घालून रस निम्म्यावर आणला की रसातलं मीठ दुप्पट दाट होतं. म्हणून वर ३० मिली राखायला सांगितलंय ते पाळा. दुसरं म्हणजे चिनी पदार्थांसाठी मिळणारा 'डार्क' सोया वापरू नका. तो रंगासाठी असतो, त्यात कॅरामल असतं, आणि आटल्यावर चिकट नि कडवट होतो.

---

पाटावरवंटा

पांढऱ्या आदोबोचा विषय निघालाच आहे म्हणून: 'आदोबोंग पुती'त सोया नाही, फक्त मीठ (एक किलोला १२ ग्रॅम). सोया हा नंतरचा थर. तो चिनी व्यापाऱ्यांबरोबर आला, सोयाला तिथे म्हणतात तो 'तोयो' हा शब्दही होक्किएन चिनीतला. काळा आदोबो आज सगळीकडे दिसतो, पण शिरका कळतो तो पांढऱ्यातच. माडाचा शिरका मिळाला तर पहिल्यांदा पांढराच करून बघा.

---

दर्यावर्दी

पण आदोबो मुळात स्पॅनिशच ना? मेक्सिकोतही आदोबो आहे.

---

पाटावरवंटा

@दर्यावर्दी, नाव स्पॅनिश, पद्धत तिथली. 'आदोबार' म्हणजे मुरवणं. स्पेनच्या आदोबोत लाल मिरचीपूड आणि ओरेगानो असतं, मेक्सिकोत वाटलेल्या सुक्या मिरच्या. फिलिपिनो आदोबोत यातलं काहीच नाही. १६१३ साली लागुना प्रांतातल्या पिला गावी पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन पाद्र्याचा तागालोग शब्दकोश छापला गेला. त्यात या पदार्थाला 'आदोबो दे लोस नातुरालेस' म्हटलंय, म्हणजे 'इथल्या लोकांचा आदोबो'. परक्याने ओळखीच्या वस्तूचं नाव दिलं, पण ही वस्तू आपली नव्हे हेही नोंदवलं. उष्ण, दमट हवेत मांस टिकवायला शिरका आणि मीठ ही गरज तिथे आधीपासून होतीच.

गोव्याचं उदाहरण शेजारी ठेवून बघा. विंदालू हे पोर्तुगीज 'व्हिन्या द आल्योस'वरून, शिरका आणि लसणीचं मुरवण. तिथे नाव आणि कल्पना दोन्ही बाहेरून आली आणि गोव्याने त्यात मिरची-मसाल्याचं वाटण घातलं. फिलिपिन्समध्ये बाहेरून मुख्यतः नाव आलं.

---

दर्यावर्दी

पटलं. मग 'खरा' आदोबो कुठला, यावर तिथे एकमत आहे का?

---

माडबन

नाही, आणि ते नसणंच योग्य. २०२१च्या जुलैत तिथल्या व्यापार आणि उद्योग खात्याच्या मानक विभागाने आदोबोची प्रमाण कृती ठरवण्याचं जाहीर केलं, तेव्हा लोक चांगलेच चिडले. शेवटी खात्याला स्पष्ट करावं लागलं की हे परदेशात ओळख करून देण्यापुरतं आहे, घरच्या कृतींवर कसलंही बंधन नाही.

प्रांताप्रांतांतले फरक खरोखर मोठे आहेत. बातांगासकडे 'आदोबो सा दिलाव': सोया नाही, ५ सेंटीमीटर ओली हळद ठेचून घालायची. रंग सुंदर पिवळा येतो. ओली हळद न मिळाल्यास पाऊण चमचा हळदपूड, पण ती आधी चरबीत परता, नाहीतर कच्ची लागते.

बिकोलमध्ये 'आदोबो सा गाता', नारळाच्या दुधातला. हा आपल्या कोकणी जिभेला लगेच रुचेल, आणि फसतोही सगळ्यांत जास्त हाच. कारण नारळाचं दूध शिरक्यात फाटतं. उपाय असा: एक किलो कोंबडीला शिरका निम्मा, ६० मिली. तो मांसाबरोबर आधी पूर्ण शिजू द्या. मग पातळ दूध २५० मिली घालून २० मिनिटं मंद आच. पहिलं जाड दूध १५० मिली अगदी शेवटी, आणि त्यानंतर खळखळ उकळी नाही, कडेने बुडबुडे दिसले की पुरे. हिरव्या मिरच्या ३-४, अख्ख्या. सोलकढीला जपतो तसंच इथे जपायचं.

---

शाकंभरी

शाकाहारी आदोबो आहे का, की उगाच पनीर घालून करायचा?

---

रानतुळस

@शाकंभरी, पनीरची गरज नाही, तिथे भाज्यांचा आदोबो रोजच्या जेवणात असतो. दोन मुख्य प्रकार. 'आदोबोंग सिताव', सिताव म्हणजे आपल्या चवळीच्या लांब शेंगा. आणि 'आदोबोंग कांगकोंग', म्हणजे नाळीची भाजी. बाजारात यात बरेचदा थोडं मांस किंवा ऑयस्टर सॉस असतो, घरी दोन्ही वगळता येतं.

शेंगा ३०० ग्रॅम, ५ सेंटीमीटरचे तुकडे. दोन मोठे चमचे तेल, ६ लसूण पाकळ्या ठेचून, अर्धा चमचा कुटलेले मिरे, सोया दोन मोठे चमचे, शिरका दोन मोठे चमचे, पाणी अर्धी वाटी.

इथे क्रम मांसाच्या उलटा आहे. मांसात शिरका आधी, भाजीत शेवटी. आम्लात भाजी मऊ होत नाही. आमटीत डाळ शिजायच्या आधी चिंच घातली की डाळ दडस राहते, तसंच. शेंगा सोया आणि पाण्यात ७-८ मिनिटं शिजवा, दाताखाली तुटायला लागल्या की शिरका घाला, झाकण न ठेवता दोन मिनिटं, बास. शिरका लवकर पडला तर शेंगा कडक राहतात आणि हिरवा रंग जाऊन शेवाळी दिसतात. नाळीच्या भाजीला देठ आधी, पानं नंतर, एकूण चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

हेच बटाट्यालाही लागू. मांसाच्या आदोबोत बटाटा घालणार असाल तर फोडी वेगळ्या तळून शेवटच्या पाच मिनिटांत टाका. कच्च्या टाकल्या तर तासाभरानेही मधे कच्च्याच.

---

शाकंभरी

क्रमाचं कारण कळलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. शेंगांवर लगेच करून बघते.

---

दर्यावर्दी

मासळीवाल्यांसाठी: 'आदोबोंग पुसित', म्हणजे माकुल, गोव्यात माणकी. शाईसकट. अर्ध्या किलोला शिरका ६० मिली. शाईच्या पिशव्या फोडून शिरक्यातच कालवा आणि गाळून घ्या. माकुल मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून बाजूला काढा, कांदा, टोमॅटो, लसूण परतून त्यात शाईचा शिरका आटवा, मग माकुल परत एका मिनिटासाठी. मधला वेळ नको. दोन-तीन मिनिटांच्या पुढे गेला की रबर होतो आणि मऊ पडायला पाऊण तास लागतो.

---

गोडाघाट

टिकतो किती? पूर्वी मडक्यात आठवडाभर ठेवायचे असं म्हणतात.

---

कल्हई

तो वेगळा आदोबो. पाणी पूर्ण आटवून, मांस स्वतःच्या चरबीत तळून, वर चरबीचा थर बसवून ठेवलेला. आपण खातो तो रसदार आदोबो त्या भरवशावर बाहेर ठेवू नये. दोन तासांत फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, सोरपोतेलासारखा, कारण रस मांसात शिरतो. गार झाल्यावर वर चरबी थिजते, ती फेकू नका.

---

पाटावरवंटा

त्या चरबीचंच काम सांगतो. दोन मोठे चमचे चरबी कढईत, ५ पाकळ्या लसूण बारीक चिरून तांबूस करा, त्यात कालचा मोकळा केलेला शिळा भात तीन वाट्या. मीठ अगदी चिमूटभर, चरबीत मुरलेलं असतं. हा 'सिनांगाग'. उरलेल्या आदोबोचं मांस हाताने तंतू काढून वेगळं करा आणि थोड्या चरबीत मंद आचेवर १० मिनिटं ढवळत कुरकुरीत करा. भाताशेजारी एक अंडं तळून ठेवा. ताजा गरम भात घेतलात तर मात्र त्याचा गोळा होईल, भात आदल्या रात्रीचाच हवा.